बाईच्या कार्डावर बाप बसत नाही

माझे वडील, आबा, गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. केमजवळच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत सोलापूरला आले, साचेखात्यात शिरले, आणि म्हातारे होऊनच बाहेर पडले. साच्यांच्या खडखडाटानं कान गेले, सुताच्या धुळीनं छाती गेली. पण नोकरी होती तोवर त्यांनी यातलं काहीच कबूल केलं नाही. पगारातून विम्याची कपात व्हायची. कामगारांच्या तोंडी त्याचा 'बिमा' झाला होता. बिम्याच्या दवाखान्यात जाऊन रजेची चिठ्ठी आणणाऱ्यांना आबा तोंडावर शिव्या द्यायचे.

"बायकांवानी कण्हतात लेकाचे. शिंक आली की निघाले बिम्याला."

आबांना सगळं साचेखातं भ्यायचं आणि घरात आम्ही भ्यायचो. आई त्यांच्यासमोर ताट ठेवून भिंतीला टेकून उभी राहायची. कालवणात मीठ कमी-जास्त झालं तर ते एक शब्द बोलायचे नाहीत, ताट उचलून बोळात भिरकवायचे. आई मुकाट्यानं ताट उचलून आणायची आणि धुवून ठेवायची.

मी त्यांची धाकटी. लग्न करून दिलेल्या घरी मला दोन वर्षंही धड नांदवलं नाही. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं एसटीत बसवून आणलं आणि स्टँडवरूनच परत गेला. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आबा दाढी करत होते. आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "आली व्हय? बरं. मी जल्मभर खायला घालायला बसलो न्हाय." पुढच्याच आठवड्यात त्यांनी जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, सांगून मला कांड्यांवर सूत गुंडाळायच्या कांडीखात्यात चिकटवलं. पगार झाला की मी तो त्यांच्या हातात द्यायची. त्यातून चहाला, पानाला ते देतील तेवढं माझं.

थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणते, त्याच गिरणीत आबांच्या हाताखाली होता. शाळेत हुशार होता. मास्तर घरी येऊन म्हणाले होते, पोराला मॅट्रिक होऊ द्या. आबांनी मास्तरांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पोराला गिरणीत नेलं. दादाचं लग्न झालं, बायको घरात आली, तरी आबांचा हात थांबला नाही. एकदा दादाच्या साच्यावरच्या कापडात खोट निघाली. आबांनी साच्याचा तुटलेला चामडी पट्टा उचलला आणि सगळ्या खात्यासमोर त्याच्या पाठीवर ओढला. साचे चालू होते, त्यामुळं आवाज कुणाला ऐकू आला नाही, पण बघितलं सगळ्यांनी. दादा तेव्हा बापईमाणूस होता, वहिनीला दिवस गेलेले होते. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन शुक्रवार पेठेत सासऱ्याच्या घरी राहायला गेला. त्यानंतर बाप-लेक एकाच खात्यात, एकाच पाळीला, काही हातांच्या अंतरावर काम करायचे आणि एकमेकांकडं बघायचे नाहीत.

आबा निवृत्त झाले त्या दिवशी गिरणीनं हार-नारळ दिला. घरी येऊन त्यांनी नारळ फोडला, खोबरं शेजाऱ्यांना वाटलं आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं भोंग्याला उठून बसले. फंडाचे पैसे मिळाले ते गावाकडच्या चुलत्यांनी विहिरीच्या नावाखाली नेले. विहिरीला पाणी लागलं नाही आणि पैसेही परत आले नाहीत. दुष्काळाची वर्षं होती, कुणाला काय म्हणणार. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालू लागलं. आबा मात्र पूर्वीसारखेच पगाराच्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मी आले की हात पुढं करायचे.

पुढच्या थंडीत त्यांचा खोकला उलटला. पहाटे सुरू व्हायचा तो छाती फुटेल असा. ओठ निळे पडायचे. आई पाठ चोळायला गेली की तिला ढकलून द्यायचे, आणि मग खोकताखोकता तिचंच मनगट घट्ट धरायचे. शेवटी एक दिवस स्वतःच म्हणाले, "चल, बिम्याला जाऊ."

पहिली पाळी संपवून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीपुढं रांग होती. निम्मे लोक आबांना ओळखत होते. ज्यांना ते बायकांवानी कण्हतात म्हणायचे तेच सगळे. कुणी तरी मागून म्हणालं, "काय पैलवान, आज हिकडं?" आबांना ऐकू आलं नाही.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करताच कार्ड उलटसुलट केलं आणि परत सरकवलं. "बाबा, हे बंद झालं."

"काय?"

"कार्ड बंद झालं! नोकरी सुटली की थोडे महिने चालतं. ती मुदत संपली."

आबा माझ्याकडं बघू लागले. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं. "कार्ड बंद झालं म्हणतात!" सगळी रांग आमच्याकडं बघायला लागली.

आबांनी खिडकीत हात घातला. "आरं पन मी वापरलंच न्हाय की! इतकी वर्सं तुमी कापलं, मी एकदा तरी आलो का हितं? इचार की ह्यास्नी. माझं हाय ना आत शिल्लक?"

कारकून वाईट माणूस नव्हता. कंटाळलेला होता. म्हणाला, "बाबा, ही बँक नाही. न वापरलेलं साठत नाही. ज्या महिन्याचं कापलं ते त्या महिन्यात संपलं. बाजूला व्हा."

मागून कुणीतरी हसलं. आबा बाजूला झाले नाहीत, तिथंच खोकायला लागले. मी त्यांना बाकावर बसवलं आणि माझं कार्ड काढून खिडकीत ठेवलं.

"मी पण गिरणीत आहे. कांडीखात्यात. वडील माझ्याकडंच असतात, मीच सांभाळते. माझ्या कार्डावर लिहा त्यांना."

कारकुनानं कार्डावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "बाईच्या कार्डावर बाप बसत नाही."

"म्हणजे?"

"नवरा बसतो, मुलं बसतात. आई-बाप फक्त पुरुष कामगाराच्या कार्डावर. अवलंबून असतील तर. भाऊ नाही का तुम्हाला?"

"भाऊ वेगळा राहतो. पोसते मी."

"कोण पोसतं ते नाही विचारलं, बाई. भाऊ विम्यात आहे का?"

"आहे."

"मग त्याच्याकडून लिहून आणा."

मी विचारलं, "माझ्या पगारातून पुरुषापेक्षा कमी कापता का तुम्ही?"

तो म्हणाला, "नियम मी केला नाही," आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाला हाक मारली.

युनियनच्या पुढाऱ्याकडंही मी गेले. त्या सुमारास कपात थोडी वाढली होती आणि त्यावर त्याची गेटसभा व्हायची होती. मी म्हटलं, बायकांची पण वाढलीय, मग त्यात आमच्या आईबापांचं पण बोला. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "ताई, बाईचं खरं घर नवऱ्याचं. तू आधी तिकडं नांदायला जा, मग बापाचं बघू." बसलेले हसले. मीही हसल्यासारखं केलं, कारण उद्या त्याच्याकडंच काम पडलं असतं.

खासगी डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, आठवडाभर बरं वाटायचं. मग परत. माझा पगार डाळ-तांदळाला पुरेनासा झाला. आई एक वेळ उपाशी राहू लागली आणि सगळ्यांना उपास आहे म्हणून सांगू लागली. मग सुट्टीच्या एका सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि शुक्रवार पेठेत दादाकडं गेली.

परत आली तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं. आबांना ऐकू जाणार नाही म्हणून ती त्यांच्यासमोरच मला सांगू लागली.

"लिहून देतो म्हणाला. पन एक अट हाय म्हणाला. त्यानं गेटवर यावं. पाळी सुटताना. ज्यांच्यासमोर मला हानलं त्यांच्यासमोर म्हनायचं, माझा पोरगा मला पोसतो, मी त्येच्या जिवावर जगतो. तसं म्हनला तरच सही करतो."

"पण तू पोसतोस कुठं, असं नाही म्हणालीस?"

"म्हनले. तर म्हनला, मग तिच्याच कार्डावर लिवा की."

आबा आमच्या ओठांकडं बघत होते. गिरणीत माणसं ओठ वाचायला शिकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ताट वाढलं ते त्यांनी खाल्लं, हात धुतला, आणि टोपी घातली.

भोंगा झाला आणि पाळी सुटली तेव्हा मी कांडीखात्यातून केसांतला सुताचा भुगा झाडत बाहेर आले. आबा गेटसमोरच्या चहाच्या टपरीला टेकून उभे होते. स्वच्छ धोतर, इस्त्रीची टोपी. चालत आल्यानं धाप लागली होती. साचेखात्याची माणसं बाहेर येऊ लागली, थांबू लागली. दादानं आधीच चौघांना सांगून ठेवलं असावं, कारण कुणी सायकलीवर बसेना. दादा सगळ्यात शेवटी आला. चहा घेतला. बशीत ओतला, फुंकून प्यायला, बशी खाली ठेवली. मग आबांकडं वळला.

"बोला."

आबा म्हणाले, "माझा पोरगा मला पोसतो."

"ऐकू आलं नाही. साच्यावरची माणसं हायेत ही सगळी. मोठ्यांदा बोला."

"माझा पोरगा मला पोसतो! मी त्येच्या जिवावर जगतो!"

"कोण पोसतो?"

"माझा पोरगा."

"आणि पट्टा कुणी मारला हुता?"

हे अटीत नव्हतं. आबांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी दाबली, त्यामुळं डोळ्यांत पाणी आलं. बघणाऱ्यांना ते रडल्यासारखं दिसलं असेल. दादाला तेच हवं होतं असं मला वाटतं.

"मी मारला," आबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. एकदोघं मान खाली घालून सायकली काढून निघून गेले. टपरीवाला उगाच ग्लास विसळत राहिला. दादानं आबांच्या चहाचे पैसे दिले, जो चहा आबांनी घेतलाच नव्हता, आणि शुक्रवार पेठेच्या दिशेनं चालू लागला. माझ्याकडं त्या दोघांपैकी एकानंही बघितलं नाही. आबांना घरी नेलं मी, आणि संध्याकाळी भाकरी थापल्या त्याही मीच.

दादानं शब्द पाळला. आठवड्याभरात आबा आणि आई त्याच्या कार्डावर चढले. पण कार्ड त्यानं आमच्याकडं दिलं नाही. ते शुक्रवार पेठेत वहिनीच्या कपाटात राहायचं. औषध आणायचं असलं की आबांनी आधी तिथं जायचं, कार्ड मागायचं, दवाखान्यात जायचं, आणि कार्ड परत नेऊन द्यायचं. वहिनी आत बोलवायची नाही. "बसा जरा, हातातलं काम होऊ द्या," म्हणून पायरीवर बसवायची. मग पिठाच्या गिरणीत ज्वारीचा डबा टाकून यायला सांगायची. कधी रॉकेलच्या रांगेत उभं करायची. दमेकरी माणूस डोक्यावर डबा घेऊन बोळातून जाताना मी एकदा बघितला. दर दहा-वीस पावलांवर कुणाच्या तरी ओट्याला हात टेकून उभा राहत होता. मी डबा घ्यायला गेले तर माझा हात झटकला.

"सोड. सुनंचं काम हाय माझ्या."

वहिनीला मी एकदा बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मी सहा महिन्यांची गरोदर असताना आबा मला हेच डबे उचलायला लावायचे. तवा तुमी बघितलं न्हाई का?" मी बघितलं होतं. मला तिच्याशी भांडता आलं नाही.

औषधानं आबांना उतार पडला. रंग सुधारला, आवाज परत आला, आणि आवाजाबरोबर जुना माणूसही परत आला. बोळात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पोरामुळं हाय मी. पोरगा हाय म्हनून औशीद हाय." मी भांडी घासत असायची, ऐकत असायची. एकदा पगार हातात देताना मी म्हटलं, "आबा, एवढं सगळ्यांना सांगता, पोसतं कोण तुम्हाला?"

त्यांनी पैसे मोजून बंडीच्या खिशात घातले. "तुज्या पैशानं भाकरी येती," म्हणाले. "औशीद येतं का? न्हाय ना? मग."

आईनं त्या दिवशी कालवणात मीठ टाकलंच नाही. चुकून की मुद्दाम, मला कधीच कळलं नाही. आबांनी ते तसंच खाल्लं. ताट भिरकावलं नाही. भिरकवायला आता दम लागला असता.

असं दीड-एक वर्ष चाललं. मग दादा जॉबर झाला.

पेढे घेऊन तो स्वतः आमच्याकडं आला. घर सोडल्यापासून पहिल्यांदा त्यानं आमचा उंबरा ओलांडला. टेरीकॉटचा शर्ट घातला होता. आईनं त्याची दृष्ट काढली. आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले, स्वतःच्या पोरासमोर, आणि म्हणाले, "लई ब्येस झालं. माझ्या खात्यात माझा पोरगा जॉबर!"

दादानं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "आता मी बिम्यात बसत न्हाई," तो म्हणाला. "पगार मर्यादेच्या वर गेला. ह्या महिन्यापासनं कपात बंद."

आबांनी पेढा तोंडात टाकला होता. "कपात बंद? मग चांगलंच की."

"कार्ड पण बंद."

ते चावायचे थांबले. "मग माझं औशीद?"

"सिव्हिल हाय की. तितं कुनालाबी देतात. फुकट."

"पन तितं लई येळ लागतो. आन चांगलं औशीद भायेरचं आना म्हनत्यात. तुला आता पगार वाडला न्हवं? तू घिऊन देशील का?"

दादा आईकडं बघून हसला. "जॉबर झाला म्हनलं की लोक असंच म्हनतात. सगळ्यांना वाटतं आता ह्याच्याकडं लई पैसा." मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, तुमीच म्हनायचा ना, खोकला आला की निघाले बिम्याला. जरा दम धरा." आणि चहा न घेता गेला. पेढ्यांचा पुडा खाटेवर राहिला. आबांनी तोंडातला पेढा गिळला की नाही ते मी बघितलं नाही.

सिव्हिलमध्ये सकाळी जाऊन बसलं की दुपारी नंबर यायचा. मला कामावर जावं लागायचं, म्हणून आई त्यांना घेऊन जायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला होता. न दिसणारी बाई न ऐकू येणाऱ्या माणसाला घेऊन जायची. डॉक्टर काय म्हणाले ते आबांना ऐकू यायचं नाही आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आईला दिसायचं नाही, आणि दिसलं असतं तरी वाचता आलं नसतं. मी घरी आले की दोघं एकमेकांना शिव्या देत बसलेले असायचे. त्यांच्या लग्नाला तेव्हा चाळीसवर वर्षं झाली होती, आणि आई त्यांना शिव्या देते हे मी त्याच वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं सरकारनं पगाराची मर्यादा वाढवली. जे वर गेले म्हणून सुटले होते ते परत विम्यात आले, दादाही आला. कांडीखात्यात ही बातमी मला एका बाईनं सांगितली आणि मी दुपारच्या सुट्टीत धावतच साचेखात्याच्या दारात गेले. दादा साच्यांमधून फिरत होता. त्याला बाहेर बोलावलं.

"दादा, तू परत बिम्यात आलास ना? आबांचं नाव लिहिलंस?"

"न्हाई."

"का?"

"कारकुनानं विचारलं, वडील तुमच्यावर अवलंबून हायेत का? म्हनलो, न्हाईत. भनीकडं राहतात, ती पोसती त्यांना." रुमालानं मान पुसत तो म्हणाला, "खरं तेच सांगितलं. मागच्या वेळी खोटं लिहिलं हुतं. आता जॉबर हाय मी. खोटं लिहून धरलं तर नोकरी जाईल माझी."

"आबा मरतील रे."

"सगळेच मरतात."

"आणि त्यांना परत गेटवर बोलवलं तर?"

त्यानं खरोखर विचार केला. मला ते चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाला, "नको. एकदा बघितलं. त्यात काय मजा आली न्हाई." आणि आत गेला. त्याच्यामागं दार लोटलं गेलं तसा साच्यांचा आवाज बंद झाला.

घरी मी हे काहीच सांगितलं नाही. आबांना मात्र कुठून तरी कळलं. जुन्या कामगारांपैकी कुणी तरी चांगुलपणानं येऊन सांगितलं असेल की पोरगा परत बिम्यात आलाय. त्यांनी मला विचारलं नाही. एका सकाळी टोपी घालून निघाले ते शुक्रवार पेठेत जाऊन वहिनीच्या पायरीवर बसले. दुपारपर्यंत बसले. वहिनीनं त्या दिवशी त्यांना काहीच काम सांगितलं नाही, त्यामुळं आता कार्ड मिळणार नाही हे त्यांना कळलं असावं. उन्हातच परत आले. बोळाच्या तोंडाशी खाली बसले आणि तिथून चौघांनी उचलून आणलं.

सिव्हिलच्या वॉर्डात ते पंधरवडाभर होते. माझ्या आठवणीत त्या वॉर्डात फिनेलचा वास आहे आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातलेली धोतरं आहेत. नर्सनं लिहून दिलेली इंजेक्शनं बाहेरून आणण्यासाठी मी कानातली मोडली. ती मी माझ्या पहिल्या बोनसमधून, आबांपासून लपवून केली होती. पाळी संपली की मी भाकरी घेऊन जायची. आबा डोळे उघडून दाराकडं बघायचे, मला ओलांडून मागं बघायचे.

"पोरगा आला का?"

"येईल."

"जॉबरला सुट्टी मिळत न्हाय. कामाचा मानूस हाय."

एकदा मी दुपारीच गेले, कारण नर्सनं निरोप पाठवला होता. मला बघून ते चिडले. नाकातली नळी हातानं सारून म्हणाले, "तू हितं का? जा कामावर. खाडा पडंल." मी म्हटलं, पडू दे. तर आईला म्हणाले, "हिला घालीव भायेर." आईनं मला खरंच बाहेर घालवलं. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि तिथं असतानाच ते गेले. खाडा पडेल हे माझ्या काळजीनं म्हणाले की पगाराच्या काळजीनं, याचा विचार मी पुष्कळ केला. मला उत्तर सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

दादानं अग्नी दिला. खांद्यावर मडकं घेऊन त्यानं फेरी घेतली तेव्हा साचेखात्याची सगळी माणसं होती. एक म्हातारा म्हणाला, "नशीबवान मानूस. शेवटपत्तुर पोरानं सांभाळला." गेटवर जे ऐकलं होतं ते त्यानं लक्षात ठेवलं होतं.

तेराव्यानंतर घरात मी आणि आई राहिलो. मला वाटलं होतं, आता तरी घर शांत होईल. आबांची खुर्ची मी आत घेतली, पगार पहिल्यांदा स्वतःच्या ट्रंकेत ठेवला. आईला मी साखर घालून चहा देऊ लागले. तिची नजर मात्र झपाट्यानं जात होती. चुलीवरचं दूध उतू गेलेलं तिला वासावरून कळायचं. एक दिवस तिनं माझ्या चेहऱ्यावर हात फिरवला आणि विचारलं, "बिम्यात डोळ्याचं आपरेशन होतं का गं?"

"होतं."

"तुज्या कार्डावर न्हाय, व्हय ना?"

"नाही."

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. दोन लुगडी, देवीचा टाक, आबांची एक टोपी. दादा न्यायला येणार होता.

"आई, थोडे पैसे साठू दे. सिव्हिलमध्ये करू आपण."

"तितं तुझा बाप मेला."

"दादाकडं वहिनी तुला काय काय करायला लावेल माहीत आहे ना?"

"करीन की. हितं काय राणी हुते मी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्यापाशी राहून मला आंधळं व्हायचं न्हाय, बाई."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. जसं कुणी म्हणेल की उन्हातून सावलीत बसते, तसं म्हटलं. दादा रिक्षा घेऊन आला. आई अवलंबून आहे हे लिहून द्यायला त्याला आता काही अडचण नव्हती. ती खरोखरच त्याच्या घरी राहणार होती, वहिनीला घरात दोन हात हवे होते. रिक्षात बसताना आईनं मला हाक मारली आणि सांगितलं की कणगीतली ज्वारी वर-खाली कर, सोंडे होतील.

ऑपरेशनला मला कुणी बोलावलं नाही. पुढं संक्रांतीच्या आसपास मी शुक्रवार पेठेत एका मैत्रिणीकडं हळदीकुंकवाला गेले होते. बोळातल्या नळावर आई हंडा भरत होती. जाड भिंगांचा चष्मा लागला होता, दोरीनं मागं बांधलेला. मी अजून लांब होते. मला वाटलं तिला दिसणार नाही, मी हाक मारणारच होते, पण तिनंच मान वर केली आणि मला ओळखलं. हंडा तसाच वाहू देत ती बघत राहिली. मी जवळ गेले. तिनं चष्मा सारखा केला, माझ्या कपाळाकडं, केसांकडं, कानांच्या रिकाम्या पाळ्यांकडं बघितलं.

"आगं बया," ती म्हणाली. "कवा म्हातारी झालीस गं तू?"

मी तेव्हा पस्तिशीचीही नव्हते. आतून वहिनीनं पाण्यासाठी हाक मारली. आईनं चुंबळ सारखी केली, हंडा डोक्यावर घेतला आणि खड्डे चुकवत, अंगावर पाण्याचा थेंब न सांडता, सरळ चालत आत गेली.